भूजलाचा ताळेबंद : गावाच्या पाण्याचा निर्णय गावातच

पावसाळा संपून ऑक्टोबर उजाडला की गावोगावच्या विहिरींना बऱ्यापैकी पाणी असते. ओढे वाहत असतात, हातपंपाचा दांडा चार वेळा हलविताच पाणी येते आणि पाण्याचा विषय ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच घेतला जातो. तो निघतो मार्च-एप्रिलमध्ये, विहिरींनी तळ गाठल्यावर. त्या वेळी टँकरची मागणी करण्यापलीकडे गावाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. वस्तुतः एप्रिल महिन्यात गावाला प्यावयास पाणी मिळणार की नाही, हे ऑक्टोबरात रब्बीची पेरणी होताना पुष्कळसे ठरून गेलेले असते. फरक एवढाच की तो निर्णय कोणी एकत्र बसून, हिशेब मांडून घेतलेला नसतो. ज्याने त्याने आपापल्या विहिरीपुरता तो घेतलेला असतो.

भूगर्भातील पाणी डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ते अमर्याद आहे असा एक समज, आणि ते दैवाधीन आहे असा दुसरा समज रूढ झाला आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. हे पाणी मोजता येते, त्याचा जमाखर्च मांडता येतो आणि त्या जमाखर्चाप्रमाणे वागताही येते. यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. हा जमाखर्च कसा मांडावा, त्याचा पाण्याच्या शुद्धतेशी कोणता संबंध आहे आणि ग्रामपंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा यांनी त्यात कोणता वाटा उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कातळातील कोठार

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. अखंड काळ्या कातळात पाणी मुरत नाही आणि साठतही नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगा-सांध्यांत आणि लाव्ह्याच्या थरांमधील सच्छिद्र भागात. पाणी साठविणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या अशा थरास जलधर म्हणतात.

या जलधराची धारणशक्ती बेताची असते. पाणी धरून ठेवलेल्या १०० घनमीटर झिजलेल्या खडकातून विहिरीला मिळू शकणारे पाणी साधारणतः १ ते ३ घनमीटर एवढेच असते. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळाच्या थरातून ते १२ ते २० घनमीटरांपर्यंत मिळू शकते. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाचा प्रदेश सोडला तर असे जाड गाळाचे थर आपल्या राज्यात फारसे नाहीत. आपले कोठार लहान आहे. ते एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि बेसुमार उपसा झाल्यास एका हंगामात रितेही होते.

पडलेल्या पावसापैकी जमिनीत मुरून जलधरापर्यंत पोहोचणारा हिस्साही मर्यादित असतो. भूजलाच्या मूल्यांकनासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत बेसॉल्ट प्रदेशासाठी हे प्रमाण खडकाच्या प्रकारानुसार सुमारे ७ ते १३ टक्के धरले जाते. बाकीचे पाणी ओढ्या-नाल्यांवाटे वाहून जाते, मातीत ओलावा म्हणून राहते किंवा बाष्परूपाने निघून जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. जलधराला सातबाराचे बांध ठाऊक नसतात. एका पाणलोटातील विहिरी एकाच कोठाराला लावलेल्या निरनिराळ्या तोट्या होत. एका विहिरीतील वाढीव उपशाचा परिणाम आज ना उद्या शेजारच्या विहिरीवर आणि शेवटी गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवावर होतो.

मागणी कशी वाढत गेली

मोटेच्या काळात उपशाला बैलांच्या शक्तीची मर्यादा होती. बैल थकले की उपसा थांबे आणि विहिरीला पाझर भरून घेण्यास अवधी मिळे. प्रथम तेलावरील इंजिने व पुढे विजेचे पंप आले आणि ही मर्यादा नाहीशी झाली. १९७२ च्या दुष्काळाने राज्यातील उघड्या विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी खोदण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची उभारणीही त्याच सुमारास झाली. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या सुधारित हातपंपांच्या अनुभवातूनच पुढे 'इंडिया मार्क-दोन' हा हातपंप साकार झाला आणि देशभर पोहोचला. पाण्यासाठी मैलोगणती चालणाऱ्या स्त्रियांचे कष्ट त्यामुळे कमी झाले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

परंतु पिण्याच्या पाण्यासाठी आलेले हेच तंत्र पुढे सिंचनासाठी सर्रास वापरले जाऊ लागले. ऊस, केळी, द्राक्षे, संत्री, डाळिंबे यांचे क्षेत्र विहिरींच्या भरवशावर वाढले. आज राज्यातील सिंचित क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र भूजलावर अवलंबून आहे. देशातील भूजलाच्या एकूण उपशापैकी ८५ टक्क्यांहून अधिक पाणी शेतीला लागते. जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेरचा केळीचा पट्टा आणि अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीचा संत्र्यांचा पट्टा यांनी शेतकऱ्याला समृद्धी दिली. त्याच भागांत अतिउपशाचा प्रश्नही तीव्र झाला.

विहीर आटली की ती खोल करावयाची, तरीही भागले नाही की तिच्यात आडवी-उभी बोअर घ्यावयाची आणि त्यानंतर २००-३०० मीटरपर्यंत विंधन विहीर खोदावयाची, असा क्रम अनेक गावांनी अनुभवला आहे. येथे खोली आणि साठा यांची गल्लत होते. बेसॉल्ट प्रदेशात जसजसे खाली जावे तसतशा पाणी धरणाऱ्या भेगा सामान्यतः विरळ होत जातात. खोलवर लागलेले पाणी तेथे पोहोचण्यास पुष्कळ काळ लागलेला असतो. एका पावसाळ्यात ते भरून येईलच असे नाही. शिवाय वरच्या थरांपाशी संरक्षक नळी न बसविलेल्या खोल विंधन विहिरीतून वरच्या जलधराचे पाणी खालच्या भेगांत उतरते आणि आसपासच्या उथळ विहिरी लवकर आटतात. ज्याच्यापाशी खोल खोदण्यास पैसा आहे त्याला दोन वर्षे पाणी मिळते, आणि ज्याची विहीर ४० फुटांची आहे त्याचे पाणी जाते. भूजलाचा प्रश्न हा केवळ भूशास्त्राचा नव्हे, तर सामाजिक न्यायाचाही आहे, तो यामुळेच.

जमाखर्च मांडण्याची रीत

गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडणे हे वाटते तेवढे अवघड नाही. १ हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले, हे एक सूत्र ध्यानात ठेवले की सातवी-आठवीचा विद्यार्थीही हा हिशेब करू शकेल. उदाहरणादाखल एक कल्पित गाव घेऊ. त्याचे शिवार १,००० हेक्टर, लोकसंख्या २,००० आणि मोठी जनावरे १,००० आहेत. त्या वर्षी पाऊस ५०० मिलिमीटर झाला.

जमेची बाजू अशी. शिवारावर पडलेले एकूण पाणी ५० लक्ष घनमीटर. त्यातील १० टक्के मुरले असे धरल्यास ५ लक्ष घनमीटर. नालाबांध, पाझर तलाव व सलग समतल चर यांमुळे आणखी ५०,००० घनमीटर मुरले असे मानू. एकूण जमा ५,५०,००० घनमीटर. यापैकी सुमारे एकदशांश पाणी झऱ्यांवाटे ओढ्या-नदीला जाते आणि ते जावयासही हवे. खालच्या गावाचा त्यावर हक्क आहे. म्हणजे वापरास उरले सुमारे ४,९५,००० घनमीटर.

खर्चाच्या बाजूस पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरल्यास २,००० लोकांना वर्षास सुमारे ४०,००० घनमीटर पाणी लागते. दर जनावरास ५० लिटर धरल्यास १,००० जनावरांना सुमारे १८,००० घनमीटर. दोन्ही मिळून ६०,००० घनमीटर राखून ठेवू. आता शेतीसाठी राहिले ४,३५,००० घनमीटर. खरिपातील पिकांना विहिरीचे पाणी दिले असल्यास तेही यातून वजा करावे लागेल.

या पाण्यात काय पिकविता येईल? पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २०,००० घनमीटर पाणी धरले, तर हे सारे पाणी २२ हेक्टर उसातच संपते. गव्हाला हेक्टरी ४,००० घनमीटर धरल्यास १०८ हेक्टर गहू होतो. रब्बी ज्वारी किंवा हरभरा यांना दोन संरक्षित पाण्याच्या पाळ्या, म्हणजे हेक्टरी सुमारे १,५०० घनमीटर दिल्यास तेच पाणी २९० हेक्टरांना पुरते. अर्थात प्रत्येक गावाची जमीन, हवामान आणि पाणी देण्याची पद्धत यांनुसार हे आकडे बदलतील. परंतु त्यांतून निघणारा बोध बदलत नाही. १,००० हेक्टरांच्या गावात केवळ २२ हेक्टर ऊस उभा राहिला की सिंचनाच्या वाट्याचे सारे पाणी संपते. त्यापुढे लावलेली प्रत्येक सरी पिण्याच्या पाण्यातून भिजते.

आता पुढील वर्षी पाऊस ३०० मिलिमीटरच झाला असे समजू. त्याच रीतीने हिशेब केल्यास शेतीसाठी सुमारे २,३७,००० घनमीटर पाणी उरते. गावाने ज्वारी-हरभरा असा हंगामी पेरा ठरविला असेल तर तो कमी करता येतो. ऊस किंवा फळबाग आधीच उभी असेल तर ती कमी करता येत नाही. ती जगविण्यासाठी उपसा चालूच राहतो. बारमाही पीक म्हणजे येणाऱ्या वर्षाच्या पावसावर आधीच घेतलेली उचल होय. ती घ्यावयाची असेल तर किती क्षेत्रावर, याचा निर्णय सर्वांत वाईट वर्ष डोळ्यांपुढे ठेवून केला पाहिजे.

ठिबक सिंचनाने पिकाला लागणारे पाणी निश्चितच वाचते. मात्र वाचलेल्या पाण्यावर उसाचे किंवा बागेचे क्षेत्र वाढविले, तर शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल, पण जलधरात थेंबही शिल्लक राहणार नाही. शेततळ्याचेही तसेच आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडविणारे शेततळे उपयुक्त ठरते. प्लास्टिकचे अस्तर घालून, विंधन विहिरीचे पाणी उपसून भरलेले शेततळे मात्र सामाईक पाणी एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात उघड्यावर ठेवते, आणि उन्हाळ्यात त्यातील बराच भाग उन्हाने उडून जातो.

ताळेबंद बरोबर आहे की नाही, हे विहिरी स्वतःच सांगतात. शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील पाच-सहा विहिरी निवडून त्यांची पाण्याची पातळी नियमित मोजावी. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी करावी. कठड्यावरील एकच ठिकाण कायम ठरवून घ्यावे आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली नोंदवावी. शिवारभर मुरमाचा थर सारखा आहे आणि त्याची धारणशक्ती २ टक्के आहे असे धरल्यास, १,००० हेक्टरांच्या गावात पाण्याची पातळी १ मीटरने उतरणे म्हणजे सुमारे २ लक्ष घनमीटर पाणी खर्च होणे होय. ऑक्टोबरमधील पातळी दरवर्षी पूर्वीच्या खुणेवर येत असेल तर गाव आपल्या उत्पन्नात जगत आहे. चांगला पाऊस होऊनही ती वर्षागणिक खाली जात असेल, तर गाव भांडवल खात आहे.

प्रमाण आणि प्रत

पाण्याचा पुरवठा आणि पाण्याची शुद्धता हे दोन वेगळे विषय मानण्याची प्रथा आहे. भूजलाच्या बाबतीत ते एकच आहेत. पाणी खडकाच्या सान्निध्यात जितका अधिक काळ राहील, तितके त्यात क्षार अधिक विरघळतात. म्हणून उपसा खोल गेला की पाण्याची चव, कठीणपणा आणि क्षारता पुष्कळदा बदलते. याच्या उलट, पातळी वर असलेल्या उथळ विहिरीला धोका असतो तो वरून येणाऱ्या घाणीचा.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा उद्भव नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालण्यासारखे मानले आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांच्या काही भागांत ते याहून अधिक आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असल्यास हाडे व सांधे ताठरतात. झालेली ही हानी सहसा भरून येत नाही. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलांच्या दातांवरील डाग शिक्षकाला सर्वांआधी दिसतात. अशा वेळी गावातील पाण्याचा नमुना तपासणीस पाठविण्याचा आग्रह त्यांनी धरला पाहिजे. तुरटी व चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड कमी करण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे. तथापि शक्य असेल तेथे पर्यायी उद्भव शोधणे हाच चांगला मार्ग ठरतो.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही. उकिरडे, गोठ्यांचे सांडपाणी, शौचालयांचे शोषखड्डे आणि पिकाला गरजेपेक्षा अधिक दिलेला युरिया यांतून नायट्रेट विहिरीत उतरते. तान्ह्या बाळांना त्याचा विशेष धोका असतो. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल मुळातच खारे. कोकण किनाऱ्यावर समुद्रालगतच्या विहिरींतून अधिक उपसा केल्यास समुद्राचे खारे पाणी आत सरकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळल्याने किंवा त्यात टीसीएल पावडर टाकल्याने रोगजंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार जात नाहीत. उकळताना पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट वाढते. म्हणून निर्जंतुकीकरण आणि रासायनिक तपासणी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे झाल्या पाहिजेत. रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा करावयाची असते.

निर्जंतुकीकरणासाठी ३३ टक्के क्लोरिन असलेली टीसीएल पावडर १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम, या प्रमाणात वापरली जाते. पावडर ओलसर किंवा उघडी राहिल्यास तिच्यातील क्लोरिन उडून जातो. तो २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. पावडर मिसळल्यानंतर निदान अर्धा तास पाणी वापरावयाचे नाही. नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक दिसला तरच काम पुरे झाले असे समजावे. जलसुरक्षकाने ही चाचणी केवळ टाकीजवळच्या पहिल्या नळावर न करता वस्तीच्या शेवटच्या घरी करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. गावातील उद्भवांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्यात येते. लाल कार्ड कपाटात ठेवण्यासाठी नसते. ते का मिळाले, हे ग्रामसभेत वाचून दाखविले गेले पाहिजे.

विहीर पुनर्भरणाच्या उत्साहातही शुद्धतेचा विसर पडू नये. शेतातून वाहून आलेले गढूळ पाणी सरळ विहिरीत किंवा विंधन विहिरीत सोडल्यास गाळाबरोबर खते, कीटकनाशके व जंतूही आत जातात. दगड, खडी आणि वाळू यांचा गाळणखड्डा करूनच पाणी आत घ्यावे आणि पहिल्या पावसाचे पाणी वगळावे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ उकिरडा, गोठा, धुण्याचा दगड किंवा शोषखड्डा असता कामा नये.

कायद्याचा आधार

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून, आपल्या जमिनीखालील पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाचा, अशी धारणा चालत आली. पाणी एका जागी स्थिर राहत नसल्यामुळे या धारणेचा लाभ जोरकस पंप असणाऱ्यालाच मिळत गेला. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी राज्याने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणला. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा अधिक व्यापक कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला. विहिरींची नोंदणी, ६० मीटर वा त्याहून अधिक खोल विहिरींवरील निर्बंध, अधिसूचित क्षेत्रातील भूजल वापर आराखडा व पीक आराखडा आणि पाणलोट क्षेत्राच्या पातळीवरील समिती या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी आहेत.

पाणलोट क्षेत्रांचे वर्गीकरणही निश्चित पद्धतीने होते. वर्षभरात उपलब्ध होणाऱ्या भूजलापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असल्यास क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० टक्के असल्यास अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असल्यास शोषित आणि १०० टक्क्यांहून अधिक असल्यास अतिशोषित समजले जाते. आपले गाव यांपैकी कोणत्या वर्गात मोडते, हे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना ठाऊक असलेच पाहिजे. तथापि प्रत्येक विहिरीवर शासकीय कर्मचारी उभा करता येणार नाही. ज्या गावाने हिशेब स्वतः मांडला आहे, त्या गावातच हा कायदा खऱ्या अर्थाने चालू शकेल.

गावांनी घालून दिलेले धडे

ही कल्पना नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, पावसाचे पाणी शेतात मुरेल अशा रीतीने ताली-बंधारे घालण्याचा आणि पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घेऊन ते नकाशांवर दाखविण्याचा आग्रह धरला होता. गावाच्या पाण्याची नोंद गावाला कळावी, हे सूत्र त्यात होतेच.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात, म्हणजे दरडोई अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, असा देण्यात आला. भूमिहीनांनाही वाटा मिळाला, उसासारख्या पिकांना मनाई झाली आणि पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही असे ठरले. त्यांच्या योजना मुख्यतः उपसा सिंचनाच्या होत्या. परंतु पाणी सर्वांचे असेल तर वाटणीही सर्वांची, हे तत्त्व भूजलालाही तंतोतंत लागू पडते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात तेथे डोंगरउतारावर समतल चर, नालाबांध व वृक्षलागवड ही कामे श्रमदान व शासकीय योजना यांच्या जोडीने झाली. अशी कामे अन्य गावांतही झाली आहेत. हिवरे बाजारने त्यापुढचे पाऊल टाकले. सिंचनासाठी विंधन विहिरी घ्यावयाच्या नाहीत, ऊस-केळी लावावयाची नाही आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिके ठरवावयाची, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले व पाळले. पाणी अडविण्याचे काम शासकीय अनुदानातून होऊ शकते. ते मोजून वापरण्याची शिस्त गावालाच लावून घ्यावी लागते. अनेक ठिकाणी बंधारे झाले आणि त्यांच्या भोवती नव्या विंधन विहिरीही झाल्या, तेथे टंचाई पुन्हा आली, ती याच कारणाने. डिसेंबर २०१९ मध्ये सात राज्यांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने गावपातळीवरील जलसुरक्षा आराखड्यावर भर दिला, त्यामागेही हाच अनुभव आहे.

वर्षभराचा कार्यक्रम

आता प्रत्यक्ष काय करावयाचे, याचा क्रम पाहू.

जून ते सप्टेंबर : शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस फलकावर लिहावा. हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास गणित, भूगोल व विज्ञान या तिन्ही विषयांचे प्रात्यक्षिक आपोआप घडते.

ऑक्टोबर : निवडलेल्या विहिरींची पातळी मोजावी. राज्यातील हजारो निरीक्षण विहिरींची मोजणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत करीत असते. मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून टंचाईचा अंदाजही बांधला जातो. गावाने आपली मोजणी त्याच महिन्यांत ठेवली तर दोन्ही नोंदी ताडून पाहता येतील. याच महिन्यात, रब्बीच्या पेरण्या पुऱ्या होण्यापूर्वी ग्रामसभा घेऊन ताळेबंद वाचून दाखवावा. पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढावे आणि उरलेल्या पाण्यात कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यावयाचे याचा ठराव करावा. घरात पाणी भरण्याचा भार ज्यांच्यावर आहे त्या स्त्रियांचे, आणि ज्यांची विहीर नाही अशा कुटुंबांचे म्हणणे या सभेत आवर्जून ऐकून घ्यावे.

नोव्हेंबर-डिसेंबर : ओढ्यांचे वाहते पाणी आहे तोवर वनराई बंधारे घालावेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर बसवाव्यात. पावसाळ्यानंतरचे पाण्याचे नमुने तपासणीस पाठवावेत.

जानेवारी व मार्च : पातळी पुन्हा मोजावी. ती अपेक्षेपेक्षा वेगाने उतरत असल्यास पिण्याच्या उद्भवाजवळील सिंचनाचा उपसा कमी करण्याचा निर्णय वेळीच घ्यावा. टंचाई आराखड्यातील विहीर अधिग्रहण हा उपाय विहिरीत पाणी असतानाच उपयोगी पडतो. कोरडी विहीर अधिग्रहित करून काय साधणार?

एप्रिल-मे : तलाव व नालाबांधांतील गाळ काढणे, चरांची दुरुस्ती, विहिरींच्या कठड्यांची व ओट्यांची डागडुजी ही कामे उरकावीत. नदीपात्रातील वाळू हेही पाण्याचे कोठारच आहे. तिचा बेकायदा उपसा होऊ देऊ नये. मे अखेरीची पातळी नोंदवून वर्षाचा हिशेब पुरा करावा आणि ऑक्टोबरातील अंदाज कितपत खरा ठरला हे ग्रामसभेस सांगावे. पहिल्या वर्षी तो बराच चुकेल. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या की तो सुधारत जाईल.

या कामात तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांचा वाटाही मोठा आहे. निरीक्षण विहिरींच्या नोंदी कार्यालयात पडून न राहता सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. नव्या पाणीपुरवठा योजनेला मंजुरी देताना नळ आणि टाकी यांच्या खर्चाबरोबर उद्भव टिकविण्याचा आराखडाही तपासला गेला पाहिजे. उद्भवच आटला तर घरोघरी पोहोचलेला नळ कोरडा राहतो आणि योजनेवरील खर्च वाया जातो.

भूजलाचे कोठार वर्षातून एकदा भरते. ते किती भरले हे पाहून मगच खर्च ठरविणे, एवढीच या साऱ्या विवेचनातील मुख्य गोष्ट आहे. घरातील धान्याच्या कणगीबाबत ग्रामीण महाराष्ट्रातील प्रत्येक गृहिणी हा विचार पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. सुगीच्या दिवसांतच ती वर्षाचे धान्य बाजूला काढते आणि उरलेल्याचा बेत ठरवते. गावाने आपल्या पाण्याबाबत तेच करावयाचे आहे, आणि त्यासाठी योग्य वेळ ऑक्टोबर हीच आहे.